जुन्या पुंटोला अ‍ॅव्हेंच्युराचे शॉकअप : काय बसतं, काय फसतं

गाडी: फियाट ग्रँड पुंटो, १.३ मल्टीजेट डिझेल. अ‍ॅव्हेंच्युरा म्हणजे हिचीच नंतर आलेली, जास्त उंच आवृत्ती.
काम: पुढचे-मागचे शॉकअप, स्प्रिंग आणि त्यांच्यासोबतचं रबर अ‍ॅव्हेंच्युराचं. आर्म, बुश स्वतःच्याच मॉडेलचे, लिंक रॉड शॉकअपचं माप बघून.
मालाला पाचपैकी चार. उंची वाढवायच्या हौसेला दोन. बसवणीचे गुण ती कोण करतो त्यावर.

सोलापुरात जुनी पुंटो चालवणाऱ्याला एव्हाना कळलेलं असतं की इंजिन फारसं काही मागत नाही, पुढचं खालचं काम मात्र मागतच राहतं. हायवेवर गाडी अजून झकास चालते. पण हायवे सोडून आत वळलं की काळ्या मातीवरचा रस्ता. पावसाळ्यात तो दबतो, उन्हाळ्यात तसाच कडक होतो, वर गावोगावचे स्पीडब्रेकर आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. त्यात एप्रिल-मेची चाळिशीपार उष्णता. रबर आधी हार मानतं, मग शॉकअप.

पुंटो आपल्याकडे २००९ साली आली, अ‍ॅव्हेंच्युरा २०१४ च्या ऑक्टोबरात. दोन्ही रांजणगावच्याच कारखान्यातल्या. मूळ सांगाडा एकच: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग), मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम, त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणून ही अदलाबदल शक्य होते. बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम यायच्या आधीच कंपनीने इथे फियाटच्या गाड्या विकणं थांबवलं. त्यामुळे जुन्या मॉडेलचा शॉकअपही काउंटरवर हात घातला की मिळेल असं नाही, तोही मागवावाच लागतो. मागवायचाच आहे तर पुढच्या मॉडेलचा का नको, हा हिशेब तिथून सुरू होतो आणि तो चुकीचा नाही.

चुकीचा आहे तो ‘गाडी २० मिलिमीटर वर येते’ हा हिशेब. डिझेल पुंटोचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून तळापर्यंतची उंची) १८५ मिमी, अ‍ॅव्हेंच्युराचा २०५, वजाबाकी २०. पण ही वजाबाकी टायर विसरते. पुंटोच्या वरच्या मॉडेलला १९५/६० आर १५ टायर, त्याचा व्यास साधारण ६१५ मिमी. अ‍ॅव्हेंच्युराच्या वरच्या मॉडेलला २०५/५५ आर १६, व्यास सुमारे ६३२. फरक १७, आणि जमिनीपासून उंची वाढते ती त्याच्या निम्मी, म्हणजे साडेआठ. शॉकअप-स्प्रिंगच्या वाट्याला जेमतेम ११-१२ मिमी उरतात. सोळाचे टायर घातले तर ती साडेआठ मिळते, पण मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या आसपास पळत असेल. शिवाय टायर मडगार्डच्या आतल्या कव्हरला घासतो का, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांवरचं कलम ५२ आणि विमा कंपनीचे प्रश्न ध्यानात घेता टायर मूळ मापाचेच ठेवलेले बरे.

जुनी स्प्रिंग दबलेली असते ही गोष्ट वेगळी. दहा-बारा वर्षांनी ती थोडी खाली येतेच, त्यामुळे नवीन टाकल्यावर गाडी ‘खूप उचलली’ असं वाटतं. त्यातला बराच भाग म्हणजे गमावलेली उंची परत आलेली. काम सुरू करण्याआधी सपाट फरशीवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही कोपऱ्यांत घ्या आणि लिहून ठेवा. नाहीतर नंतर डावीकडे कमी आहे की उजवीकडे, यावर मेकॅनिकशी नुसती हुज्जत होते.

माल मागवण्याआधी गेलंय काय ते बघा. शॉकअप गेला म्हणून आलेल्या गाडीत पुष्कळदा शॉकअप ठीक असतो. बारीक खड्ड्यांवर, कमी स्पीडला ‘कटकट-कटकट’ असेल तर लिंक रॉड, म्हणजे शॉकअप आणि स्टॅबिलायझर (गाडीचं कलणं रोखणारी आडवी सळई) जोडणारी दांडी. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून फर्स्ट टाकून निघताना एकच ‘ढप्’ येत असेल तर लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या हाताचा) मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की बॉनेटखाली ‘टण्ण’ वाजतं, स्प्रिंग अडकून सुटल्यासारखं. ते वरच्या माउंटचं, म्हणजे शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो त्या भागाचं, बेअरिंग. ते काढून हातात घेतलं की कळतं: फिरवलं तर आत वाळू दळल्यासारखं लागतं, ग्रीसची जागा तांबड्या भुकटीने घेतलेली असते. शॉकअप स्वतः गेलेला असेल तर बॉडीवर तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ. नुसती धूळ असेल तर काही बिघडलेलं नाही. स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, दोन-तीनदा डुलली तर संशय बरोबर.

पूर्ण कामाला लागणारा माल असा: पुढचे शॉकअप २, स्प्रिंग २, टॉप माउंट २, माउंट बेअरिंग २, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की टेकायचं रबर) आणि धूळकव्हर २-२, मागचे शॉकअप २, स्प्रिंग २ आणि त्यांच्या वर-खाली बसणारे रबर पॅड ४. हे सगळं अ‍ॅव्हेंच्युराचं, एकाच मॉडेलचं आणि एकाच इंधनाचं. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे पुढची स्प्रिंगही वेगळी. पेट्रोलची स्प्रिंग डिझेल गाडीला घातली तर नाक खाली आणि डिझेलची पेट्रोलला घातली तर नाक वर. दोन्हींत लोक शॉकअपला दोष देतात. लोअर आर्म २ आणि स्टॅबिलायझर धरणारे रबराचे डी-बुश २ मात्र आपल्या गाडीचा चॅसिस नंबर देऊन मागवा, तिथे नव्या मॉडेलचा हट्ट नको. लिंक रॉडचं तसं नाही. त्याची लांबी शॉकअपवरच्या कानावर (लिंक रॉड अडकवायच्या पट्टीवर) ठरते, म्हणून शॉकअप हातात आल्यावर जुन्याशेजारी ठेवून कानाची उंची बघा आणि मगच मागवा. नट-बोल्ट नवीन: शॉकअपचे खालचे ४, आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटचे पिंच बोल्ट २, रॉडवरचे मधले नट २. ‘जुनेच चांगले आहेत की’ हे ऐकू येणारच. पण एकदा ताणलेला बोल्ट आणि एकदा सुटलेला लॉकनट दुसऱ्यांदा पहिल्यासारखा धरत नाही.

पार्सल फोडल्यावर लगेच गाडी खोलायची नाही. जुना शॉकअप अजून गाडीतच आहे, तोवर नव्याची मापं घ्या. खालच्या दोन भोकांमधलं अंतर आणि भोकाचा व्यास व्हर्नियरने. ब्रॅकेटची आतली रुंदी. ब्रेकच्या पाइपची आणि एबीएसच्या वायरची क्लिप कुठे आहे ते. स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या, टोक कुठे संपतं ते. एबीएस नसलेल्या गाडीला क्लिप रिकामी राहिली तर चालतं. पण पाइपची क्लिप नसलेला शॉकअप आला आणि पाइप केबल-टायने बांधला, तर तो टायरला घासून कधीतरी फुटणार. असा माल परत करा.

आता सगळ्यात जास्त होणारी कंजुषी. नवी स्प्रिंग, जुना शॉकअप. किंवा उलटं. उंच स्प्रिंग जुन्या शॉकअपवर घातली की रॉड आधीच बाहेर ताणलेला राहतो. स्पीडब्रेकरवरून चाक खाली लोंबलं की रॉड शेवटाला जाऊन आपटतो, ‘खट्’. हा आवाज माउंटचा समजून लोक माउंट बदलतात, मग आर्म बदलतात, मग स्टिअरिंग रॅकपर्यंत जातात. सेट म्हणून घेतलाय तर सेट म्हणूनच बसवा. डावा-उजवा दोन्ही, आणि जमत असेल तर पुढचं-मागचं एकत्र.

खोलताना गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. शॉकअप सुटला की नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर कलंडतो. त्याला तारेने स्प्रिंगच्या जागी बांधून ठेवायचं. लोंबला तर ब्रेकचा पाइप ताणला जातो आणि एक्सलचा आतला जॉइंट सरकतो. तो सरकला की त्यावरचा रबरी बूट फाटतो आणि दोन महिन्यांनी ग्रीस चाकाच्या आतून उडालेलं दिसतं. बॉल जॉइंटचा पिंच बोल्ट काढल्यावर नकलवर घण घालू नका. फटीत पाचर घालून ती जराशी उघडली की पिन खाली येते. परत बसवताना पिनवरची खाच बोल्टच्या रेषेत आली पाहिजे, नाहीतर बोल्ट आत जाणार नाही आणि कोणीतरी तो ठोकून घालेल.

स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर दोन लावून थोडा-थोडा आवळायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे. स्प्रिंग माउंटपासून मोकळी झाली, हाताने हलू लागली, की मगच मधला नट. आधी नट सुटला तर माउंट छताला लागतं आणि तेही नशीब बरं असेल तर. हा नट इम्पॅक्ट गनने सोडायची आणि कसायची सवय सगळीकडे आहे. जुन्याला गन चालेल, तो भंगारातच जाणार. नव्याचा रॉड गनबरोबर गरगर फिरतो आणि वरचं सील पहिल्याच दिवशी घासतं. रॉड एलन कीने धरून, हाताने कसा. बसवण्याआधी नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. आडवा पडून राहिल्याने आत गेलेली हवा जागेवर येते. हे न करता बसवलेला शॉकअप पहिले काही किलोमीटर पोकळ वाजतो.

आणि आर्मचे बोल्ट. या कामाचा जीव इथे आहे. बुशचं रबर बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. गाडी हवेत, चाक लोंबतंय आणि बोल्ट कसून टाकला तर रबराची ‘सरळ’ स्थिती तीच ठरते. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि रबर उभं असतानाच पिळलेलं राहतं. मग प्रत्येक खड्डा त्या पिळात आणखी भर घालतो. सहा महिन्यांत बुश फाटलेला दिसतो आणि पार्ट ‘डुप्लिकेट’ ठरतो. बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवा, चाकं लावा, गाडी जमिनीवर किंवा रॅम्पवर घ्या, दोनदा दाबून सोडा, मग टॉर्क रेंचने कसा. पिवळ्या मार्करची एक रेघ बोल्टच्या डोक्यावरून आर्मवर ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटली आहे का ते एका नजरेत कळतं. लिंक रॉडही दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असतानाच कसायचे. सोलापुरात हे काम देताना भाव विचारण्याआधी एवढंच विचारा: आर्मचे बोल्ट कधी कसणार? ‘गाडी खाली घेतल्यावर’ असं उत्तर आलं तर गाडी ठेवा.

मागचं काम सोपं. बीमला जॅकचा आधार, शॉकअपचा खालचा बोल्ट काढा, बीम हळू खाली, स्प्रिंग हातात येते. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही एवढं बघा आणि रबर पॅड जुने वापरू नका. इथेही शेवटचा आवळ गाडी खाली असताना.

अलाइनमेंट त्याच दिवशी. उंची बदलली की टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बदलतोच. तो टाय रॉडवर जुळतो. कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाला, या गाडीत वेगळा स्क्रू नाही, शॉकअपच्या खालच्या भोकांत जी थोडी ढिलाई असते तेवढीच काय ती. म्हणून प्रिंट मागा, ‘झालं’ या शब्दावर निघू नका. एका बाजूचा कॅम्बर दुसरीपेक्षा फार वेगळा दिसला तर बहुधा बोल्ट कसताना नकल कलंडलेला होता. सोडून, सरळ धरून पुन्हा कसा. स्प्रिंग थोडी बसते, त्यामुळे ५०० किलोमीटरनंतर परत एकदा टो बघायचा. हेडलाइटचा झोतही बघा. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त उचलली गेली तर झोत रस्त्यात खुपसतो, उलट झालं तर समोरच्याच्या डोळ्यात.

चालवायला कशी लागते? पहिला फरक आवाजाचा. जुनी गाडी खड्डा ‘सांगायची’, ही गिळते. चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन तुळजापूरला गेलं तर मागची बाजू पूर्वीसारखी बंप स्टॉपवर आपटत नाही. वळणावर गाडी किंचित जास्त कलते, घाटात ते जाणवतं. उंची वाढली की हे आलंच. स्टिअरिंगचं वजन आणि रस्त्याची जाण तशीच, तिथे काही गमावलेलं नाही. नुसती मूळ पुंटोची नवी जोडी टाकली असती तर सुखात नव्वद टक्के हेच मिळालं असतं, हेही खरं. अ‍ॅव्हेंच्युराचा सेट घ्यायचं कारण एकच: जुना बदलायची वेळ आलीच आहे आणि हा पूर्ण सेट हाताशी येतोय. चांगले शॉकअप काढून त्या ११ मिलिमीटरसाठी हा घालणं पैशाला जड आहे.

पहिल्या १,००० किलोमीटरमध्ये तीन गोष्टी बघा. स्टिअरिंग फिरवताना वरून ‘टण्ण’ आलं तर स्प्रिंगचं टोक माउंटच्या खाचेत बसलेलं नाही, बेअरिंग नवीन असलं तरी. स्टिअरिंग पूर्ण कापून निघताना ‘कट-कट-कट’ आलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट; तो आधीच थकलेला होता, नव्या कोनाने उघडा पडला. आणि सकाळी थंड गाडी काढताना रबराची ‘कुईं’ आली, उन्हं चढल्यावर गेली, तर डी-बुश कोरडे बसवलेत. त्यांना ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.