ब्लॅक बेल्ट असताना पुन्हा व्हाइट बेल्ट बांधायला लावणारा त्रिमूर्तीनगरातील वर्ग

एका युद्धकलेत काही वर्षे घालवून दुसरी शिकायला निघालेल्या माणसाला नागपुरात वर्ग सापडतो. पण तिथे आपल्याला कोणत्या पायरीवर उभे करतील, हे मात्र कोणी आधी नीट सांगत नाही. त्रिमूर्तीनगरात एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या या वर्गात मी शोतोकान या कराटे शैलीतील शोदान, म्हणजे पहिल्या डानचा (ब्लॅक बेल्टमधील पहिल्या श्रेणीचा) ब्लॅक बेल्ट घेऊन ज्युदो शिकण्यासाठी दाखल झालो. हे परीक्षण मी लिहितो आहे ते मुख्यतः या वर्गाने बेल्टच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरासाठी.

इथे सकाळी मुलांचे कराटे असते, संध्याकाळी मोठ्यांचा ज्युदो आणि शनिवार-रविवारी ब्राझिलियन जिउ-जित्सू. प्रवेश घेताना सर जुने प्रमाणपत्र मागून घेतात, शैली कोणती, परीक्षा कोणी घेतली, शेवटचा नियमित सराव केव्हा झाला, हे विचारतात आणि सगळे वहीत लिहून ठेवतात. त्यानंतर ते स्पष्ट सांगतात की कराटेच्या वर्गात आलात तर तुमचा ब्लॅक बेल्ट बांधा, पण ज्युदोच्या मॅटवर नवख्याचा व्हाइट बेल्ट बांधून रांगेच्या शेवटी बसा. बाहेरून तायक्वांदोतील रेड बेल्ट घेऊन आलेल्या एका गृहस्थांना हे रुचले नाही आणि ते परत गेले. सरांनी त्यांना थांबवण्यासाठी नियम सैल केला नाही, हे मला मोलाचे वाटते.

नियम कडक वाटला तरी त्यामागचे कारण भक्कम आहे. ब्लू बेल्ट हा एकच रंग घेतला तरी तायक्वांदोत तो यलो आणि ग्रीनच्या पुढचा असतो, क्योकुशिन कराटेत यलोच्या आधी येतो, आणि जिउ-जित्सूत तो व्हाइटनंतरचा पहिलाच प्रौढ बेल्ट असतो. या शेवटच्या कलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार ब्लू बेल्टसाठी वयाची किमान सोळा वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि त्यानंतर पर्पलकडे जाण्याआधी साधारणपणे किमान दोन वर्षे ब्लूवरच काढावी लागतात. त्यामुळे कमरेच्या रंगावरून दुसऱ्या कलेतील माणसाची तयारी ओळखता येत नाही. विशिष्ट अभ्यासक्रमात, विशिष्ट गुरूने काय पाहिले, एवढेच तो रंग सांगतो.

सरांनी पहिल्याच आठवड्यात नव्या लोकांना बसवून या पद्धतीचा इतिहास सांगितला, आणि तो ऐकल्यावर कराटेवाल्यांचा ताठा बराच उतरतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान हे ज्युदोचे विद्यालय स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिला डान दिला. डानची कल्पना गो या पटावरच्या खेळासारख्या जपानी विद्यांत आधीपासून रुळलेली होती. कराटेला ही श्रेणी नंतर मिळाली. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले, कानो यांच्या निमंत्रणावरून त्यांनी कोडोकानमध्ये प्रात्यक्षिक दाखवले, आणि 1924 मध्ये त्यांनी आपल्या शिष्यांना कराटेतील पहिले डान दिले. ब्लॅक बेल्टच्या आधीचे रंगीबेरंगी टप्पे तर त्याहून अलीकडचे असून 1930च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांच्यामुळे ते युरोपात रुजले. म्हणजे जो बेल्ट मिरवत आम्ही ज्युदोच्या दारात उभे राहतो, तो कराटेने ज्युदोकडूनच घेतलेला आहे.

जुने शिक्षण इथे वाया जात नाही. अंतराचा अंदाज, कंबर फिरवून जोर काढण्याची सवय, ताण असताना श्वास सांभाळणे आणि सूचना एकदाच ऐकून पाळणे, हे कराटेतून आलेल्याला तयार मिळते. मात्र काही गोष्टी अडथळा ठरतात. कराटेतील लांब, खोल पवित्र्यात पुढच्या पायावर स्थिरावलेले वजन ज्युदोतील जोडीदाराला तो पाय उचलून घ्यायचे आमंत्रणच देते, आणि कोणी जॅकेटची कॉलर धरली की मागे सरकून अंतर काढण्याची सवय उपयोगी पडत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडण्याचे तंत्र, ज्याला उकेमी म्हणतात, ते बहुतेक कराटेवाल्यांना येतच नाही. या वर्गात उकेमी पक्के होईपर्यंत कोणालाही, मग त्याच्याकडे कोणतीही पदवी असो, रँडोरीत म्हणजे मोकळ्या लढतीत उतरू देत नाहीत. माझ्या मते व्हाइट बेल्टचा खरा उपयोग हा आहे: समोरच्याला तो सांगतो की या माणसाला जपून फेकायचे आहे.

पण बेल्ट नसलेल्या कलांचे काय? जवळच्या तालमीतून एक पैलवान इथे येतात. मातीतल्या कुस्तीत बेल्ट नसतो, त्यामुळे कागदावर ते अगदी नवखे. प्रत्यक्षात दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी ग्रीन बेल्टवाल्यांना सहज पाडले. सरांनी त्यांना व्हाइट बेल्टच दिला, परंतु जोड्या लावताना त्यांना ब्राउन बेल्टवाल्यांपुढे उभे केले, आणि स्पर्धेत नाव नोंदवताना त्यांची कुस्तीची पार्श्वभूमी आयोजकांना आधीच कळवली. जिउ-जित्सूच्या दिवशी मात्र चित्र उलटे झाले. कुस्तीत पाठ टेकली की डाव संपतो, म्हणून पैलवान खाली जाताच पोटावर वळतो आणि पाठ व मान उघडी टाकतो. जिउ-जित्सूत नेमकी तीच जागा गळा आवळण्याची असते, आणि सडपातळ अंगाच्या एका ब्लू बेल्टवाल्या ताईंसमोर पैलवानांना पुन्हा पुन्हा टॅप करावे, म्हणजे थाप मारून हार मानावी लागली. त्या ताई वयाने बऱ्याच लहान असूनही मॅटवर सगळे त्यांना अहो-जाहोच करतात आणि त्या शिकवताना थोरामोठ्यांचा मान ठेवतात. हे वातावरण टिकवणे सोपे नसते.

उन्हाळ्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना वरच्या मजल्यावर ज्युदोचा जाड जॅकेट घालून सराव करणे शरीराला झेपत नाही, आणि इथे लावलेले दोन कूलर दमटपणाच अधिक करतात. म्हणून त्या काळात वर्ग पहाटे साडेपाचला होतो आणि बहुतेक सराव टी-शर्टवर, जॅकेट व बेल्टशिवाय होतो. या दिवसांत कोण किती पुढचा, हे कमरेकडे पाहून कळत नाही. हात लागल्यावरच कळते. ही सोय उन्हामुळे झाली असली तरी पावसाळ्यातही आठवड्यातून एक दिवस ती ठेवावी, अशी माझी सूचना आहे.

मुलांच्या सकाळच्या कराटे वर्गाबाबत माझे मत इतके अनुकूल नाही. मोठ्यांच्या ज्युदोत ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा क्वचित होते आणि सर तयारी पाहून स्वतः नाव सुचवतात. मुलांकडे मात्र परीक्षा वारंवार होतात, प्रत्येक रंगाच्या मध्ये आणखी पट्ट्या जोडल्या आहेत आणि प्रत्येक वेळी वेगळे शुल्क आकारले जाते. परिणामी ब्राउन बेल्टपर्यंत पोहोचलेली काही मुले संध्याकाळच्या ज्युदोला येतात तेव्हा साधे मागे पडतानाही ती डोके आपटून घेतील अशी भीती वाटते. तायक्वांदोचे जागतिक मुख्यालय असलेल्या कुक्कीवॉनने पंधरा वर्षांखालील मुलांना डानऐवजी पूम ही वेगळी श्रेणी दिली आहे, त्यामागे असाच विवेक असावा. पालकांनीही लक्षात घ्यावे की दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी पाहिली जाते, बेल्टचा रंग पाहिला जात नाही.

बाकी सोयी ठीक आहेत. मॅट स्वच्छ असतात आणि रोज पुसल्या जातात; कपडे बदलण्यासाठी महिलांना वेगळी खोली आहे, पण ती लहान आहे. पार्किंग रस्त्यावरच करावे लागते. मासिक शुल्क या भागातील इतर वर्गांच्या तुलनेत रास्त असून ज्युदो आणि जिउ-जित्सू दोन्हींना एकाच शुल्कात बसता येते, ही आंतरकला सराव करणाऱ्यांसाठी मोठी सवलत आहे.

ज्यांना जुनी पदवी नव्या कलेत तशीच मान्य करून घ्यायची आहे, त्यांनी इथे येऊ नये. ज्यांना दुसरी कला मुळापासून शिकायची आहे, त्यांनी प्रवेशाआधीचा एक मोफत वर्ग संध्याकाळचाच घ्यावा, जुने प्रमाणपत्र आणि असल्यास जुन्या दुखापतीचे कागद सोबत न्यावेत, आणि गुडघा किंवा खांदा पूर्वी दुखावलेला असेल तर ते उकेमीला सुरुवात करण्याआधीच सरांना सांगावे, कारण सराव ते त्यानुसार बदलून देतात.