रसग्रहण तपासायचं कसं: एकंदर ठसा, निकषवार गुण की जोड्यांची तुलना?

तपासणीची पद्धत निवडण्याआधी दोन उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आणा. प्रश्न एका अभंगाच्या रसग्रहणाचा आहे. एका मुलीनं आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन मथळे आखून घेतलेत. यमक, अनुप्रास, दृष्टान्त ही नावं अचूक आहेत आणि अक्षर मोत्यासारखं आहे. दुसऱ्या मुलाकडे मथळे नाहीत आणि शुद्धलेखन कच्चं आहे. पण सहा-सहा अक्षरांचे तीन चरण झाल्यावर चौथा चारच अक्षरांत संपतो, आणि देवाला विचारलेला प्रश्न नेमका त्या तोकड्या चरणावर येऊन अडतो, हे त्याला दिसलंय. जास्त गुण कुणाला? मला विचाराल तर त्या मुलाला. म्हणून कुठलीही पद्धत मी आधी याच दोघांवर लावून बघते.

एकंदर ठशाची पद्धत आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे: निबंध सलग वाचायचा आणि एकच आकडा द्यायचा. निबंधाला सहा मिनिटं धरली तर साठ निबंध सहा तासांत होतात. निबंध तुकड्यांत न पाहता पूर्ण पाहिला जातो, हा तिचा खरा गुण. त्या मुलाला इथे न्याय मिळू शकतो, पण तपासणारा तसा असेल तरच.

हा ‘तरच’ किती मोठा आहे ते जुन्या अभ्यासांनी दाखवलंय. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका अनेक शाळांकडे तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांचे गुण हाती आले. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी ५० दिले होते, कुणी ९७. पुढे १९६१ मध्ये डीडरिक आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. त्यांत प्राध्यापक होते, तसे संपादक, वकील आणि व्यवस्थापकही होते. निकष सांगितले नव्हते, फक्त नऊ श्रेणी होत्या. १०१ निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या! मला यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. हे वाचक मनमानी करत नव्हते. त्यांचे गट पडत होते: कुणी विचाराला मान देत होतं, कुणी मांडणीला, कुणी शब्दकळेला, कुणी व्याकरणाला, कुणी लेखनातल्या व्यक्तिमत्त्वाला. म्हणजे प्रत्येकाच्या मनात निकष होतेच, फक्त ते बोलून दाखवलेले नव्हते.

निकषवार गुणदानात ते कागदावर येतात. अमेरिकेतल्या एपी (शाळेतच दिली जाणारी कॉलेज पातळीची परीक्षा) इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत २०१९-२० पासून नऊ गुणांची एकंदर श्रेणी जाऊन सहा गुणांची निकषवार पट्टी आली. तिच्यात १ गुण मध्यवर्ती विधानाला, ४ पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला, १ विचाराच्या प्रगल्भतेला. मला यातली वाटणी शिकण्यासारखी वाटते, कारण आपण निकष करतो तेव्हा हात आपोआप समान वाटपाकडे जातो. आशय ५, रचना ५, भाषा ५, शुद्धलेखन ५. या पट्टीवर त्या मुलीला ३, ५, ४, ५ मिळून १७ होतात आणि मुलाला ५, २, ३, २ मिळून १२. अभंग ज्यानं वाचला तोच मागे राहिला.

आता पट्टी बदलू. विधान, पुरावा आणि भाष्य १२, रचना ४, भाषा आणि शुद्धलेखन मिळून ४. ‘आशय’ असा मोघम शब्द न ठेवता विचारायचं: ओळ दाखवली का, आणि ती ओळ तिथे काय करते ते सांगितलं का? मुलीनं अलंकारांची नावं सांगितली, त्यांचं काम सांगितलं नाही. तिला ५, ४, ४ म्हणजे १३. मुलाला १०, २, २ म्हणजे १४. निबंध तेच, शिक्षिकाही तीच. शिवाय कुणी गुण का कापले म्हणून विचारायला आलं, तर उत्तर आपल्या हातात असतं. वेळ मात्र जास्त लागतो. निबंधाला दहा मिनिटं धरा.

तिसरी पद्धत जोड्यांची. तिची मुळं मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांच्या १९२७ च्या लेखात आहेत. दोन निबंध शेजारी ठेवायचे आणि यातला सरस कोणता, एवढंच सांगायचं. पुष्कळ जोड्या झाल्या की गणित सगळ्यांचा क्रम लावून देतं. आकडा देण्यापेक्षा तुलना माणसाला सोपी जाते, हा तिचा आधार. पण कष्ट बघा. साठ निबंधांपैकी प्रत्येक दहा वेळा समोर यायचा तर ३०० तुलना होतात. तुलनेला तीन मिनिटं धरली तर १५ तास. विभागात पाच जण असतील तर प्रत्येकी तीन तास, आणि एका माणसाच्या आवडीनिवडीचा भार पाचांत विभागला जातो. एकटीनं केलं तर तो फायदाच जातो, कारण आवड एकटीचीच राहते. शिवाय मुलाच्या हाती फक्त क्रम येतो. काय सुधारायचं ते त्यातून कळत नाही, म्हणून वर्गातल्या सरावाला मी ही पद्धत वापरणार नाही.

तुम्ही एकट्यानं तुकडी सांभाळत असाल, तर निकषवारच घ्या. निकष तीनच ठेवा आणि निम्म्याहून जास्त वजन पुरावा-भाष्याला द्या. विभागात चार-पाच सहकारी असतील आणि तुकड्या-तुकड्यांतल्या गुणांवरून दरवर्षी कुरबुर होत असेल, तर सत्रात एकदा वीसेक निबंध जोड्यांनी लावून बघा. कुणाचा हात कुठे सैल आहे आणि कुठे आखडता, हे तिथे उघड होतं. त्या बैठकीतली चर्चा मला क्रमापेक्षाही उपयोगाची वाटते. एकंदर ठसा पहिल्या कच्च्या खर्ड्यांसाठी राखून ठेवा. तिथे गुणांची गरज नसते, समासात एक वाक्य पुरतं.

कुठलीही पद्धत घेतलीत तरी मागच्या वर्षीचे चार निबंध, नाव झाकून, टेबलावर ठेवा आणि गठ्ठ्याच्या मध्यावर ते पुन्हा वाचा. सुरुवातीच्या दहांना आपण कडक असतो आणि शेवटच्या दहांना थकून सैल होतो, हे मी माझ्याच गुणपत्रकात पाहिलंय. त्या चारांत एक निबंध मात्र मुद्दाम असा निवडा, ज्याला मथळे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत, आणि चौथा चरण ऐकू आलाय.