युरिया संपलाय, ही बाटली न्या

मागच्या खरिपात विट्याजवळच्या आमच्या दोन एकर मक्याला मीच उपाशी ठेवलं, वर त्याचे २,७२० रुपये मोजले.

मका गुडघ्याला आला होता. युरियाचा दुसरा हप्ता घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "युरिया संपलाय, दादा. आणि पोती कशाला उचलताय? ही बाटली एकरी लिटरभर फवारा, दोन पोत्यांचं काम करती." ६८० ला एक, दोन फवारण्यांच्या चार घेतल्या. चिठ्ठी कच्ची. माणूस ओळखीचा, बिल मागायची लाज वाटली.

फवारल्यावर चार दिवस पीक तजेलदार दिसलं. पाऊसही त्याच दिवसांत झाला होता, ते मी धरलंच नाही. पुढं खालची पानं शेंड्यापासून मधल्या शिरेनं आत पिवळी पडत गेली. मी पाण्याला दोष देत बसलो. चुलते बांधावरूनच म्हणाले, "अरे, नत्र कमी पडलाय." युरियातून मिळणारा हा नत्र, म्हणजे नायट्रोजन, कमी पडला की मका खालच्या पानांतला काढून वर पाठवतो, म्हणून आधी खालचीच जातात.

मग हिशोब केला. संकरित मक्याला शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे एकरी ४८. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांनी जवळपास २१ किलो बसतो. लिटरभर बाटलीत, अगदी निव्वळ युरिया विरघळवला असता तरी, अर्धा किलोसुद्धा नत्र मावत नाही! खरा युरिया दोन टक्क्यांनी २०० लिटर पाण्यातून फवारला तरी एकरी दोन किलोच्या आतच नत्र जातो. आणि मका सगळ्यात जास्त नत्र ओढतो तो गुडघ्याएवढा झाल्यापासून कणसाला केसर येईपर्यंत. नेमके तेच दिवस माझे बाटलीत गेले.

कणसांची टोकं दाण्यांविना बोडकीच राहिली. चुलत्यांना एकरी २४ क्विंटल, मला १३.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात साहेबांनी दोनच गोष्टी मागितल्या: पक्कं बिल आणि नमुन्याला सीलबंद बाटली. माझ्याकडं रिकाम्या चार. लेबल नीट वाचलं तेही तिथंच. नत्राचा टक्का कुठंच नाही, नुसतं 'पीक संवर्धक'.

चुलत्यांना त्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानात युरिया मिळाला होता. मशीनवर अंगठा, हातात छापील पावती, पोतं २६६ रुपये ५० पैशांना.

यंदा ती बाटली त्याच दुकानात दर्शनी मांडलीय. लेबल तेवढं हिरव्याचं निळं झालंय.