आधी कपाट, मग चौकट : घराच्या आराखड्याच्या सेवेविषयी अभिप्राय

रत्नागिरीजवळ आम्ही बांधलेल्या एकमजली घराचा आराखडा ज्या वास्तुविशारदांच्या छोट्या कार्यालयाकडून करून घेतला, त्यांच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. मंजुरीचे नकाशे, छपराचा उतार, पागोळ्यांचे पाणी ही कामे त्यांनी चोख केली. सविस्तर लिहावेसे वाटते ते मात्र आतल्या दारांविषयी, कारण घरात राहायला आल्यावर त्यांच्या विचाराचा उपयोग सर्वाधिक तिथेच जाणवतो.

आपल्याकडे सहसा खोल्यांचे चौकोन आधी आखले जातात आणि भिंतीत जिथे जागा दिसेल तिथे दार दाखवले जाते. या कार्यालयाने प्रत्येक खोलीतील खाट, कपाट आणि टेबल यांची मापे आधी विचारली, ती नकाशावर मांडली आणि त्यानंतरच चौकटींच्या जागा ठरवल्या. आमची एक झोपण्याची खोली १० बाय १२ फुटांची आहे. तिच्या १० फुटी भिंतीच्या मध्यावर तीन फुटी चौकट बसवली असती, तर दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फुटांचे तुकडे उरले असते आणि त्यांपैकी एकातही मोठे कपाट मावले नसते. तीच चौकट कोपऱ्यापासून चार इंचांवर घेतल्यामुळे दुसऱ्या बाजूला ६ फूट ८ इंचांची सलग भिंत मिळाली आणि सहा फुटी कपाट तिथे व्यवस्थित बसले. दाराची झडप उघडली की ती बाजूच्या भिंतीला टेकते. शेजारच्या खोलीत कपाट दारामागच्या भिंतीलाच हवे होते. कपाट दोन फूट खोल असते, म्हणून तिथे चौकट कोपऱ्यापासून सव्वादोन फूट आत घेतली. एकच नियम सगळीकडे लावला नाही, ही मला या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. तीन फुटी झडप फिरण्यासाठी जमिनीवर सुमारे सात चौरस फूट जागा मोकळी ठेवावी लागते, हेही त्यांनी प्रत्येक खोलीच्या नकाशावर कंस काढून दाखवले होते.

जोते भरून झाल्यावर त्यांनी फक्कीने भिंती, दारे आणि झडपांचे कंस जागेवर आखून घेतले आणि आम्हाला त्यातून चालायला सांगितले. आई वॉकर घेऊन चालते. न्हाणीघराची नेहमीची अडीच फुटी चौकट घेतली, तर दोन्ही बाजूंची लाकडे वजा जाता जेमतेम २५ इंच मोकळे राहतात, हे तेव्हा तिच्याही लक्षात आले. सुगम्य इमारतींसाठीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर सांगितली आहे. त्यानुसार आईच्या न्हाणीघराची चौकट रुंद केली आणि झडप बाहेर उघडणारी ठेवली. आत कोणी पडले आणि झडप आत उघडणारी असली, तर पडलेल्या माणसामुळेच ती अडते. बाहेर उघडणाऱ्या झडपेला हा धोका नसतो. तळाशी पाणी लागून लाकूड कुजू नये म्हणून या दाराला ग्रॅनाइटची चौकट सुचवली गेली, आणि कोकणातील पाऊस पाहता हा सल्ला योग्यच होता.

शौचालयाचे दार जेवणाच्या जागेवरून दिसू नये, असा आमचा आग्रह होता. त्यासाठी साडेतीन फूट रुंदीचा छोटा बोळ काढावा लागला आणि बैठकीची खोली तेवढी लहान झाली. मला हा सौदा मान्य आहे. ज्यांचे घर आणखी लहान आहे त्यांनी मात्र त्याचा नीट विचार करावा. वाऱ्याचाही विचार झाला होता: खोलीचे दार आणि खिडकी एकाच कोपऱ्यात न ठेवता तिरकस समोरासमोर घेतल्यामुळे पश्चिमेचा वारा खाटेवरून जातो. रात्री दारे बंद असताना हवा खेळावी म्हणून चौकटींच्या वर झरोकेही ठेवले आहेत.

उणीव विजेच्या नकाशात राहिली. तो दुसऱ्या माणसाकडून करून घेतला गेला आणि त्यात झडपांचे कंस नव्हते, त्यामुळे दोन खोल्यांत दिव्यांची बटणे उघड्या दारामागे गेली. बटणे कडीच्या बाजूला, चौकटीला लागून हवीत. गिलावा फोडून ती हलवावी लागली आणि तो खर्च आमच्यावर पडला. तक्रार केल्यावर कार्यालयाने दिलगिरी व्यक्त केली, पण भरपाई दिली नाही. इतक्या बारकाईने काम करणाऱ्यांकडून ही चूक व्हायला नको होती.

तरीही, ज्यांचे जोते अजून भरायचे आहे त्यांना मी या प्रकारच्या सेवेची मनापासून शिफारस करेन. फक्त विजेचा आणि नळांचा नकाशा दारांच्या नकाशावर ठेवून दाखवा, असे करारातच लिहून घ्यावे, आणि गवंड्याने चौकटी उभ्या करण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला फक्कीच्या रेषांमधून एकदा चालवून पाहावे.