एका कानाने ऐकू येत नसेल तर क्रॉस हिअरिंग एड घ्यावं का? माझा रिव्ह्यू

माझ्या डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती, अकूस्टिक न्यूरोमा. कॅन्सर नाही, सावकाश वाढणारी, पण ऑपरेशन आतल्या कानातून करावं लागलं आणि त्या रस्त्याने गेलं की त्या कानाचं ऐकणं वाचतच नाही. तसंही आधीपासून आवाज यायचा पण शब्द कळायचे नाहीत. या गाठीत हे खूप जणांचं होतं, ऑडिओग्राम (किती हळू आवाज ऐकू येतो त्याचा आलेख) त्या मानाने बरा असतो आणि बोललेलं मात्र डोक्यात शिरत नाही, कारण बिघाड नसेतच असतो ना, मग साधं मशीन लावून आवाज वाढवला तरी नुसता गोंगाट वाढतो.

म्हणून क्रॉस. मशीन दोन्ही कानांवर बसतं, पण बंद कानाकडे फक्त माईक असतो आणि तो तिकडचा आवाज वायरलेसने चांगल्या कानातल्या मशीनला पाठवतो. चांगल्या कानातही थोडं कमी ऐकू येत असेल तर बायक्रॉस मिळतं.

फायदा आहे का? हो, आणि चांगलाच आहे. डावीकडे बसलेला माणूस हळू बोलला तरी कळतं, मान वळवावी लागत नाही, मीटिंगमध्ये खुर्ची पकडायची धावपळ संपली. डोकं मध्ये आडवं येतं तेव्हा मुख्यतः बारीक आवाज अडतात, स, श, त, क वगैरे, आणि शब्द ओळखायला नेमके तेच लागतात, ते आता पोचतात.

पण कान परत मिळाला असं अजिबात समजू नका. हाक कुठून आली ते अजूनही कळत नाही, कारण दिशा कळायला दोन कान लागतात आणि इथे सगळं एकाच कानात येऊन पडतं. घरात फोन वाजला की मी अजून सगळ्या खोल्या फिरते 😅 कानातला टूं आवाज माझा तरी तसाच आहे. आणि गर्दीत बंद कानाकडे गोंगाट असेल तर क्रॉस तो गोंगाट इमानदारीत उचलून चांगल्या कानात ओततं, मग समोरच्याचंही ऐकू येईना होतं. अशा वेळी डावा माईक बंद करता आला पाहिजे, घेताना हे आधी बघा.

दुसरं म्हणजे चांगल्या कानात ओपन डोम (भोकं असलेली मऊ टिप) मागा, बंद टिप बसवली तर उरलेला एकुलता एक कान बुजल्यासारखा होतो.

हाडातून आवाज नेणारं मशीनही डोक्याच्या पट्ट्यावर लावून बघितलं, आवाज छान होता पण ते कायमचं हवं तर कवटीत इम्प्लांट बसवतात, आणि इम्प्लांटमध्ये चुंबक असेल तर एमआरआयमध्ये त्या भागावर सावली येते आणि आपल्याला गाठ परत आली का ते बघायला स्कॅन करत राहावं लागतं, म्हणून मी नको म्हटलं. कॉक्लिअर इम्प्लांटला (आतल्या कानात बसवायचं यंत्र) ऐकण्याची नस शाबूत लागते, माझी नाहीये.

ट्रायल क्लिनिकच्या शांत खोलीत उरकू नका, तिथे सगळंच भारी वाटतं. मशीन घरी मागा, लग्नकार्यात, ट्रॅफिकमध्ये, वाऱ्यात घालून फिरा (वाऱ्यात माईक फार खरखरतो).

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार ॲपसाठी कापला, दर थोड्या दिवसांनी पेअरिंग सुटतं आणि पहिल्यापासून सगळं सेटिंग करत बसायचं.