आधी रॅम की आधी एसएमपीएस? मधेच बंद पडणाऱ्या पीसीवर खर्च करण्यापूर्वी

पीसी मधेच बंद पडायला लागला की ओळखीतला कुणीतरी सांगतोच, "फॉरमॅट मार." हा उपाय मी अगदी शेवटी ठेवतो. फॉरमॅटमध्ये विंडोजने लिहून ठेवलेल्या नोंदी पुसल्या जातात, आणि दोष हार्डवेअरचा असला तर चार दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. बहुतेकांपुढचा खरा प्रश्न वेगळाच असतो: पैसे रॅमवर (चालू कामाच्या मेमरीवर) घालायचे की एसएमपीएसवर (पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर)?

त्याआधी पीसी बंद कसा पडतो ते बघा. निळा पडदा (विंडोजची एरर स्क्रीन) येत असेल, तर निदान विंडोजला दोन शब्द लिहायला सवड मिळाली. दिवा गेल्यासारखा खटकन बंद होत असेल, तर संशय विजेच्या वाटेवर. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडलंत की ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद दिसेल. त्यातला ‘पॉवर’ शब्द वाचून अनेकजण तडक एसएमपीएस बदलतात. ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या डिटेल्समध्ये ‘बगचेक कोड’ बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत सगळं संपलं, किंवा पीसी गोठला आणि तुम्हीच बटण दाबलंत. दुसरा आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा कोड, दशमान पद्धतीत लिहिलेला. २६ म्हणजे ‘मेमरी मॅनेजमेंट’. दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं (एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव येत असेल तर पीसी उघडूच नका, तो ड्रायव्हर बदला.

रॅमची बाजू सोपी, कारण ती फुकटात तपासता येते. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी दोन क्लिकमध्ये सुरू होते, पण तिच्या ‘पास’वर मी विसंबत नाही. मेमटेस्ट८६+ या मोफत चाचणी-प्रोग्रामसाठी पेन ड्राइव्ह बनवावा लागतो. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून हा प्रोग्राम यूईएफआयवाल्या नव्या पीसीवरही चालतो. रात्री लावून झोपा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी निकाल लागला. "एकच तर एरर आहे" म्हणून सोडू नका. उलट, एकही एरर नसणं म्हणजे रॅमला पूर्ण क्लीन चिट नव्हे. एरर आली तरी लगेच दुकान गाठू नका. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग चालू असेल तर ती बंद करा. ३२०० लिहिलेली बरीच डीडीआर४ (म्हणजे चौथ्या पिढीची) रॅम मुळात २१३३ किंवा २४०० ची असते, वरचा वेग एक्सएमपीने चढवलेला असतो. तेवढ्याने एरर थांबली तर खर्च वाचला. नाहीतर एकेक पट्टी लावून चाचणी घ्या. सोनेरी कडेवर खोडरबर फिरवायची आपल्याकडची जुनी युक्ती करून बघायला हरकत नाही, पण निम्मी किमया पट्टी काढून नीट बसवण्याचीच असते.

एसएमपीएसचं तसं नाही. त्याचा छडा कुठलंच सॉफ्टवेअर लावत नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी हे खरं, पण क्षणभराची घसरण स्क्रीनवरच्या आकड्यात उमटतच नाही. चांगला एसएमपीएस उसना आणून लावायचा, हीच खात्रीची चाचणी. गेम सुरू होताच पीसी बंद होत असेल तर लेबल वाचा. वरचा मोठा वॅटचा आकडा सोडा, १२ व्होल्टपुढचे अँपिअर बघा. तिथे १६ असतील तर त्या लाइनवर मिळणार १९२ वॅट, आणि प्रोसेसर-ग्राफिक्स कार्डाची मुख्य भूक त्याच लाइनवर. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेले एसएमपीएस इथेच उघडे पडतात.

पण एसएमपीएसलाही दोष देण्याआधी भिंतीकडे बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आर्थिंग तपासून घ्या. पीसी इन्व्हर्टरवर असेल तर तो ‘यूपीएस मोड’वर आहे ना? वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनही २० मिलिसेकंदांचं असतं. नेहमीच्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून सावकाश जागा होऊ शकतो. माझ्या बाबतीत तर दुकानदाराच्या सल्ल्याने नवी रॅम घेतल्यावर लक्षात आलं, की पीसी संध्याकाळी साडेसहालाच बंद पडतो, म्हणजे सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो तेव्हा.

उष्णता हा लोकांचा लाडका संशयित, पण आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात, बंद पडतात ते नंतर. पंख्यातली धूळ काढा आणि पुढे चला. डिस्कसाठी तिची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामवर एक नजर पुरे.

एक अपवाद मात्र मोठा आहे. इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर रॅम आणि एसएमपीएस दोन्ही बाजूला ठेवून आधी बायॉस अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे यातले काही प्रोसेसर कायमचे बिघडतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायॉस अपडेटमधून सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान मात्र अपडेटने भरून येत नाही. तिथे प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो.

तर निळे पडदे आणि बदलते कोड असतील तर आधी रॅम, कारण तिला फक्त एक रात्र लागते. खटकन बंद होत असेल तर आधी भिंत, मग एसएमपीएस. उसना एसएमपीएस मिळत नसेल तर पीसी दुकानात न्या, पण "तुमचा एसएमपीएस लावून दोन दिवस चालवा, फॉरमॅट करू नका" असं सांगून. आणि काहीच तपासणं जमत नसेल, डोळे मिटून एकच वस्तू घ्यायची असेल, तर मी एसएमपीएस घेईन. तो पुढच्या पीसीतही चालेल. आज घेतलेली डीडीआर४ रॅम डीडीआर५च्या बोर्डात बसणारच नाही.