क्योटो, पॅरिस की मॉन्ट्रियल? वादविवादाला बाजू निवडताना

‘हरितगृह वायू कमी करण्यात कोणता आंतरराष्ट्रीय करार सरस?’ असा विषय साताऱ्या-सांगलीच्या वादविवाद स्पर्धेत आला, की हात आधी पॅरिसकडे जातो. नाव ताजं, माहिती भरपूर. पण बाजू निवडायची मुभा असेल तर जरा थांबा.

क्योटो (१९९७) कागदावर सर्वांत कडक. २००८ ते २०१२ या काळात श्रीमंत देशांनी उत्सर्जन १९९०च्या तुलनेत सरासरी ५ टक्के घटवायचं. घट कमी पडली, तर राहिलेली तूट पुढच्या टप्प्यात ३० टक्के जादा घट करून भरायची, हाच दंड. प्रत्यक्षात अमेरिकेने सही करूनही मंजुरी दिली नाही आणि कॅनडाने २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ज्याला दंड व्हायचा तोच उठून गेला, तर दंड घेणार कुणाकडून? भारत-चीनला आकडाच नव्हता, यावरूनही प्रतिपक्ष झोडपेल. एक मुद्दा मात्र आपल्या भागात हमखास चालतो: बगॅसवरची (उसाच्या चोथ्यावरची) सहवीज आणि पवनचक्क्या या धर्तीच्या प्रकल्पांना कार्बन क्रेडिट मिळण्याची वाट क्योटोच्या ‘सीडीएम’नेच (विकसनशील देशांतल्या उत्सर्जन घटवणाऱ्या प्रकल्पांना क्रेडिट देणाऱ्या यंत्रणेनेच) उघडली. चाळकेवाडीचं पठार पाहिलेल्या श्रोत्यांना पवनचक्की समजावून सांगावी लागत नाही.

पॅरिस (२०१५) सगळ्यांना सामावून घेतो, कारण लक्ष्य ज्याचं त्याने ठरवायचं. भारताने २०३० पर्यंत जीडीपीमागचं उत्सर्जन २००५च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलंय. वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा करण्याचं लक्ष्य तर २०२५ मध्येच गाठलं. बोलायला उत्तम. पण लक्ष्य चुकलं तर शिक्षा नाही, आणि अमेरिका २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये आत, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. ही ये-जा प्रतिपक्षाच्या तोंडी गेली, की उत्तर देता देता वेळ संपतो.

माझी पसंती मॉन्ट्रियलला (१९८७). करार झाला ओझोनचा थर वाचवायला, त्यामुळे ‘तो तर ओझोनचा!’ अशी आरोळी येईलच, येऊ द्या. ओझोन खाणाऱ्या ज्या सीएफसींवर (फ्रिज-एसीतल्या जुन्या वायूंवर) त्याने बंदी आणली, ते स्वतःच कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापवणारे वायू. जगातला प्रत्येक देश यात आहे. कारणंही ठोस: बाहेर राहणाऱ्याशी या रसायनांचा व्यापार बंद, आणि गरीब देशांना बदलासाठी स्वतंत्र निधी. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसीही (सीएफसींच्या जागी आलेले, पण तितकेच तापदायक गटातले वायू) कक्षेत आले. ती नीट पाळली तर शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते, असा अंदाज आहे. उदाहरण हवं तर गॅरेजमध्ये गाडीच्या एसीत भरतात तो आर-१३४ए घ्या: कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट. तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहांचं उदाहरण मात्र टाळा. मोठ्या शीतगृहांत बहुधा अमोनिया असतो आणि तो हरितगृह वायू नाही.

कच्चा दुवा एकच, पण मोठा: कोळसा-पेट्रोलच्या धुराला हा करार हात लावत नाही. ते आपणच आधी कबूल करा आणि विषयातल्या ‘सरस’ शब्दाला धरून राहा: ठरवलेलं काम कुणी पूर्ण करून दाखवलं? किगालीच्या तारखा पाठ असू द्या. भारताला एचएफसी २०२८ मध्ये गोठवायचे आहेत (म्हणजे वापर आणखी वाढू द्यायचा नाही), कपात २०३२ पासून, आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के घट. ‘भारताने आजवर किती एचएफसी घटवले?’ या प्रश्नावर गडबडू नका. कपातीची पहिली तारीखच अजून यायची आहे.